सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून, वाहनांची वर्दळ टाळून, सायकलने चार-पाच दिवस फिरायचे असल्यास कुठे आणि कसे जावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही पुण्यात रोज कामावर सायकलने जाता, शहरातील वाहनांना विटला आहात आणि आता चार-पाच दिवसांची रजा काढून, सामान सायकलवर बांधून, डोंगराच्या कडेकडेने शांत रस्त्यांवर फिरण्याची इच्छा आहे. रस्ते कोणते निवडावेत, केव्हा जावे, सायकल कशी असावी आणि एकट्याने जाणे ठीक होईल का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. भोर, वेल्हे (आता राजगड तालुका) आणि वाई हे तीन तालुके मी बरीच वर्षे सायकलवरून पाहत आले आहे, त्यामुळे उत्तर त्या भागापुरतेच देते. पण त्यामागचा विचार तुम्हाला अकोले, जुन्नर किंवा राधानगरीकडेही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट अशी की, शहरापासून किती लांब गेलो यावर रस्त्याची शांतता ठरत नाही, तो रस्ता पुढे कुठे जातो यावर ठरते. ताम्हिणीचा रस्ता पुण्यापासून बराच दूर आणि दाट झाडीतून जातो, पण तो कोकणात उतरतो, म्हणून त्यावर दिवसभर वाहने असतात आणि पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तर सायकल चालवणे धोक्याचेच होते. याउलट, सिंहगडाच्या मागच्या बाजूला असलेला एखादा रस्ता पुण्यापासून जेमतेम दीड-दोन तासांवर असूनही सामसूम असतो, कारण त्यावरून जाऊन कोणाचाही वेळ वाचत नाही. म्हणून नकाशा उघडल्यावर मी आधी शेवटचे गाव शोधते. ज्या रस्त्याच्या टोकाला एक गाव आहे आणि त्यापुढे केवळ डोंगर आहे, त्या रस्त्यावर त्या गावाची आणि वाटेतील वाड्यांची वाहने सोडली तर दुसरे कोणी येत नाही.

असे रस्ते या भागात इतके का आहेत, हे समजून घेतले तर तुम्हाला स्वतःचा मार्ग स्वतःच आखता येईल. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा निघाल्या आहेत आणि प्रत्येक दोन सोंडांमध्ये एकेका नदीचे खोरे आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना मुठा आणि तिला मिळणाऱ्या आंबी-मोसी, मग कानंदी आणि गुंजवणी, मग वेळवंडी, मग नीरा आणि शेवटी कृष्णा अशी ही खोरी ओळीने लागतात. यांतील बहुतेक खोरी म्हणजेच शिवकाळातील मावळे. खोऱ्याच्या तोंडाशी बाजारपेठेचे गाव आणि बहुतेक ठिकाणी धरण, आणि आत जाईल तसा रस्ता अरुंद होत जाऊन घाटमाथ्याखाली संपतो. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर मधली सोंड ओलांडावी लागते, आणि ती ओलांडणाऱ्या खिंडी थोड्या आहेत. सायकलने फिरणाऱ्याचा सगळा मार्ग या दोन गोष्टींतून तयार होतो: खोऱ्यातून आत जाणे आणि खिंडीतून पलीकडे उतरणे.

एखादा रस्ता खरोखर शांत आहे का, हे घरबसल्या ओळखण्याचा माझा एक जुना उपाय आहे. त्या तालुक्याच्या एसटी स्थानकावर जाऊन किंवा ओळखीच्या माणसाला विचारून, शेवटच्या गावाला मुक्कामी गाडी जाते का आणि दिवसातून एकूण किती फेऱ्या होतात, एवढे विचारावे. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे लोकांना घेऊन तालुक्याला परतणारी एसटी. जिथे मुक्कामी गाडी आणि दुपारची एखादी फेरी एवढाच कारभार आहे, तिथे तुम्हाला सकाळी दुधाचा टेम्पो, प्रवासी नेणाऱ्या एक-दोन वडाप जीप आणि काही दुचाकी यांखेरीज काही भेटणार नाही. जिथे दर तासाला गाडी आहे, तो रस्ता सोडून द्यावा. आठवडे बाजाराचा वार मात्र आवर्जून विचारून घ्यावा, कारण त्या दिवशी सगळे खोरे एकाच रस्त्याने तालुक्याला येते.

आता प्रत्यक्ष मार्ग. पुण्याहून खडकवासल्यामार्गे पानशेतच्या दिशेने निघा, पण उजाडण्यापूर्वी आणि आठवड्याच्या मधल्या वारी. या रस्त्यावर गर्दी कशी टप्प्याटप्प्याने गळत जाते हे पाहण्यासारखे आहे. खडकवासल्याच्या चौपाटीपाशी फिरायला आलेली वाहने थांबतात, डोणज्याच्या पुढे सिंहगडावर जाणारी वाहने डावीकडे वळतात, आणि खानापूरला तुम्ही पानशेतचा रस्ता सोडून रांजणे गावाच्या दिशेने वळलात की उरलेलीही सरळ निघून जातात. तिथून पाबे खिंडीचा चढ सुरू होतो. हा चढ अंगावर येणारा आहे. काही वळणांवर तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो आणि सामानासह पहिल्या दिवशी तो बसून चढता आला नाही तर उतरून ढकलण्यात काहीही गैर नाही. वर पोहोचल्यावर मागे सिंहगडाचे पठार आणि समोर एकदम तोरणा, त्याच्या डावीकडे राजगड असे दोन्ही किल्ले उभे राहतात. उतरताना घाई करू नका, कारण वळणांवर खडी पसरलेली असते आणि डोळे किल्ल्यांकडे असतात. वेल्हे हे तालुक्याचे गाव तोरण्याच्या अगदी पायथ्याशी आहे. तिथे राहण्याजेवणाची सोय होते. पुण्यापासून हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि पहिल्या दिवसाला तेवढे पुरे.

वेल्ह्याहून हातात एक दिवस असेल तर केळदकडे जाऊन परत या. मढे घाटाच्या तोंडाशी असलेले हे गाव म्हणजे मी वर म्हटलेल्या शेवटच्या गावाचे उत्तम उदाहरण आहे. तिथे डांबर संपल्यासारखे वाटते आणि थोड्या अंतरावर जमीनच संपून खाली कोकण दिसते. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठ्याला याच घाटाने नेला, असे परंपरा सांगते. पावसाळ्यात इथल्या धबधब्यामुळे गर्दी होते, पण नोव्हेंबरपासून पुढे हा रस्ता पुन्हा गावकऱ्यांचा होतो.

वेल्ह्याहून भोरला जाताना मार्गासनीवरून नसरापूरपर्यंतचा तीसेक किलोमीटरचा रस्ता नदीच्या उताराबरोबर खाली येतो आणि अंगाला आराम देतो. त्यानंतर चेलाडी फाट्यापासून कापूरहोळपर्यंत तुम्हाला पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने काही किलोमीटर जावेच लागते. हा भाग मला आजही आवडत नाही, पण तो टाळण्याच्या नादात भलत्याच चढाच्या कच्च्या रस्त्यांत अडकण्यापेक्षा सेवारस्ता धरून, सकाळच्या वेळी, एका दमात तो पार करावा आणि कापूरहोळला भोरकडे वळावे.

भोरला मी दोन रात्री मुक्काम करायला सांगेन, कारण या सगळ्या प्रवासातील सर्वांत सुंदर रस्ता तिथून आत जातो. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. ते 1928 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला आता येसाजी कंकांचे नाव आहे. धरणाच्या वर, पाण्याच्या काठाकाठाने भुतोंड्याकडे जाणारा रस्ता दिवसभर जाऊन-येऊन करावा. सामान भोरच्या मुक्कामी ठेवा, सोबत फक्त पाणी, खाणे आणि पंक्चरचे साहित्य घ्या. हा रस्ता सपाट असेल असे पाण्याकडे पाहून वाटते, पण तसे नाही. जलाशयात उतरणाऱ्या प्रत्येक ओढ्यापाशी रस्ता आत वळून खाली मोरीपर्यंत उतरतो आणि मोरी ओलांडताच पुन्हा डोंगराच्या पुढे आलेल्या नाकावर चढतो. एकेक चढ लहान, पण असे चढ-उतार संपतच नाहीत, आणि दिवसाच्या शेवटी मांड्यांना एखादा मोठा घाट चढल्याइतके काम झालेले असते. प्रत्येक आतल्या वळणावर हवा गार होते, ओढ्याच्या कडेची झाडी जवळ येते. प्रत्येक नाकावर पुन्हा ऊन, वारा आणि खाली पसरलेले पाणी. पाणी ओसरलेल्या काठावर गुरे चरत असतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस भातकापणी चालू असेल तर रस्त्याच्या कडेलाच भाताचे भारे रचलेले दिसतात. आंबेमोहोराचे शिवार असेल तर तो वास सायकलवरूनही कळतो. बंद गाडीतून जाणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. आत जात राहिलात की राजगड या बाजूने दिसतो. वेल्ह्याकडून पाहिलेला गड तोच, पण इथून त्याची संजीवनी माची लांबच लांब पसरलेली दिसते, आणि एका डोंगराला वळसा घालून आपण आलो ही जाणीव फार समाधान देणारी असते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी पार खाली गेले की कांबरे गावचे बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. मात्र केवळ त्यासाठी मे महिन्यात सायकलने जावे असा सल्ला मी देणार नाही.

भोरहून आंबवड्यावरून कोर्ल्याकडे, म्हणजे रायरेश्वर आणि केंजळगडाच्या पायथ्याकडे जाणारा रस्ताही असाच शांत आहे. शेवटचा चढ खडा आहे. वरंध घाटाच्या रस्त्याचे वर्णन तुम्ही अनेक ठिकाणी वाचाल, आणि नीरा-देवघर धरणाच्या कडेने जाणारा तो रस्ता देखणा आहे यात शंका नाही, पण तो महाडला उतरतो. तेव्हा त्यावर जाणार असाल तर पहाटे जा. पावसाळ्यात दरडींमुळे तो अनेकदा बंद ठेवावा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

भोरहून वाईला आंबाडे घाटाने मांढरदेवीवरून जावे. हा या मार्गातील सर्वांत मोठा चढ आहे. सकाळी लवकर सुरुवात केली तर बराच भाग सावलीत चढून होतो, आणि मांढरदेवीला पोहोचल्यावर नाश्ता मिळतो. पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत मात्र या रस्त्याला जाऊ नये, आणि एरवीही देवीचे वार म्हणून मंगळवार-शुक्रवार टाळावेत. वाईच्या बाजूने उतरताना कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी खाली उलगडत जाते. उतार लांबलचक आहे, म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा, नाहीतर रिमवर घासणारे ब्रेक तापतात.

वाईचा मुक्काम दोन रात्रींचा करता आला तर शेवटचा दिवस कृष्णेच्या खोऱ्याला द्या. वाईहून मेणवली आणि धोमवरून जलाशयाच्या कडेने आत जात रस्ता जोर गावाशी, महाबळेश्वरच्या कड्याखाली संपतो. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आहे, आणि घाटावरच्या लहानशा देवळात 1739 च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आणलेली म्हणून सांगितली जाणारी मोठी घंटा टांगलेली आहे. सकाळी तिथे थोडे बसून पुढे निघावे. धोमपर्यंत पर्यटकांची वाहने असतात, त्यापुढे ती विरळ होत जातात आणि बलकवडी धरणाच्या पलीकडे तर आपल्या चाकांचा आवाजच मोठा वाटतो. जोरच्या खोऱ्यात 2021 च्या जुलैतील अतिवृष्टीने मोठे नुकसान केले; वरच्या टोकाचे असे रस्ते दर पावसाळ्यात कुठे ना कुठे उखडतात, म्हणून निघण्याआधी वाईत चौकशी करावी.

केव्हा जावे याचे उत्तर यातूनच निघते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारही पडत नाही. याचा अर्थ असा की खोऱ्याच्या तोंडाशी कोरडे असतानाही टोकाला धो-धो चालू असू शकते आणि तुम्ही ओलांडून गेलेला फरशी पूल परत येईपर्यंत पाण्याखाली गेलेला असू शकतो. पहिल्याच फेरीला जुलै-ऑगस्ट निवडू नका, हिरवाई कितीही बोलावत असली तरी. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ माझ्या मते सर्वांत चांगला आहे. दिवस लहान असतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराआडच्या गावांत त्याआधीच अंधारून येते, म्हणून चारपर्यंत मुक्कामी पोहोचण्याचा बेत ठेवा. याच महिन्यांत वाईच्या बागायती पट्ट्यात उसाने भरलेले, मागे दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर असतात. ते समोरून आले तर साइडपट्टीवर उतरून थांबणे हाच सरळ मार्ग आहे. मार्चनंतर उन्हाचा त्रास होतो आणि डोंगरांवर वणव्यांचा धूर असतो.

सायकल महाग असण्याची गरज नाही, तिचे गिअर मात्र हलके हवेत. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दाते सारखे असावेत किंवा पुढचे कमी असावेत. पुढे 34 आणि मागे 34 ही माझ्या दृष्टीने किमान मर्यादा आहे, आणि पुढे तीन चकत्या असलेली साधी एमटीबी सायकल या चढांवर पातळ टायरच्या वेगवान सायकलपेक्षा केव्हाही सुखाची ठरते. टायर 38 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घ्यावेत. सामान पाठीवर घेऊ नका. मागे मजबूत कॅरिअर, त्याला दोन्ही बाजूंनी सारख्या वजनाच्या पिशव्या, आणि एकूण ओझे दहा किलोच्या आत. तालुक्याच्या गावातील सायकल दुकानात 26 इंची ट्यूब आणि पंक्चरचे साहित्य सहसा मिळते. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब, तुमच्या गिअरची चेन आणि नेमक्या लांबीचे आरे मिळत नाहीत. म्हणून दोन ट्यूब, चेन जोडायची कडी, चेन तोडण्याचे हत्यार, दोन-तीन आरे, ब्रेकचे शू आणि हातपंप बरोबर असावा, आणि हे सगळे वापरायला घरीच शिकून घ्यावे.

नकाशाबद्दल थोडे अधिक सांगते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. फोनवरील नकाशा अंतर सांगतो आणि चढ लपवतो. शिवाय पायवाटेलाही रस्ता समजून तुम्हाला तिकडे वळवतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, 20 मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतात. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तेवढ्या लांबीत रस्ता पाच रेषा ओलांडत असेल तर शंभर मीटर चढ, म्हणजे सरासरी दहा टक्के. सह्याद्रीचा कातळ थराथरांचा असल्यामुळे रेषा काही ठिकाणी एकमेकींना खेटून आणि मध्ये अचानक विरळ होतात, आणि प्रत्यक्ष चढही तसाच असतो: थोडा वेळ दम काढणारा आणि मग एका पट्टीवर आल्यावर मोकळा. हे आधी पाहून ठेवले की चढताना धीर सुटत नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. खोऱ्यांच्या आतल्या भागात रेंज नसते.

राहण्यासाठी वेल्हे, भोर आणि वाई इथे लॉज आणि खानावळी आहेत. आतल्या गावात थांबायची वेळ आली तर थेट देवळात पथारी टाकू नये. आधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटून कोण, कुठले, कुठे चाललो हे सांगावे आणि मग ते दाखवतील तिथे राहावे. शेतातील घरी जेवायला बसवले तर पैसे देऊ करावेत, आणि ते घेतले नाहीत तर मुलांसाठी किंवा देवळासाठी काही ठेवावे. वस्तीवरची कुत्री चालत्या सायकलच्या मागे हमखास लागतात. वेग वाढवू नका, उतरा, सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये ठेवून चालत जा, वस्ती मागे पडली की ती परततात. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना मुले रस्त्याच्या मधूनच चालतात, तेव्हा उतारावरही वेग मारू नये.

एकट्याने जाण्याविषयी: मी स्वतः या भागात बहुतेक वेळा एकटीच फिरते आणि या गावांतून मला आपुलकीच अनुभवाला आली आहे. तरीही तुमची ही पहिलीच वेळ असल्यामुळे पाबे आणि आंबाडे हे दोन चढ सोबतीने करावेत असे मी सुचवेन. चढाच्या भीतीपेक्षा, निर्मनुष्य उतारावर पडलात तर खबर द्यायला कोणीतरी असावे एवढाच त्यामागचा हेतू आहे. ज्या दिवशी सामान मुक्कामी ठेवून जाऊन-येऊन करायचे आहे, त्या दिवशी, म्हणजे भुतोंड्याला आणि जोरला, खुशाल एकट्याने जा. निघताना लॉजवर किंवा खानावळीत कुठे चाललो आणि किती वाजता परतणार हे सांगून ठेवा. वाईहून पुण्याला सायकल एसटीने न्यायची असल्यास आदल्या दिवशीच आगारात विचारा, कारण सगळ्या गाड्यांना टपावर सामान ठेवण्याची सोय नसते. चाके काढून गुंडाळलेली सायकल मात्र डिकी असलेल्या गाडीत सामावू शकते.